पाल, झोपडी आणि कोपी : आपल्या ज्ञातीच्या निवाऱ्याचा इतिहास

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर चार पाने लिहावीत असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा विषयाबद्दल आमच्या मनात फारसा संदेह नव्हता. मंडळातील काही वडीलधाऱ्या सभासदांच्या मनात मात्र तो होता. लेखासोबत ऊसतोडणीच्या फडावरील एका कोपीचे छायाचित्र छापावे, अशी आमची सूचना होती. ती ऐकताच एक ज्येष्ठ ज्ञातिबांधव म्हणाले, "अहो, ते दिवस सरावेत म्हणून तर आपण वसतिगृह काढले. आता त्याच कोपीचे चित्र घरोघर कशाला पाठवता? सोयरिकी जमविणारे लोक ही स्मरणिका चाळतात." त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही. स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर उपवर मुलामुलींची यादी असते, आणि ती यादी वाचणारा मनुष्य मधली पानेही उलटून पाहतो हे आम्हांसही ठाऊक आहे. सबब छायाचित्र छापलेले नाही. लेख मात्र लिहिला आहे, आणि तो लिहिताना त्या ज्येष्ठांची आठवण आम्ही सतत ठेविली आहे.

आजवर आपल्या स्मरणिकांतून ज्ञातीच्या इतिहासाविषयी जे लिहिले गेले त्यात कुळे आहेत, आडनावे आहेत, शौर्यकथा आहेत आणि अलीकडे पदवीधरांच्या याद्या आहेत. आपली माणसे राहत कशात होती, रात्री निजत कोठे होती, पोटासाठी घर सोडावे लागले तेव्हा घरातील कोण बरोबर गेले आणि कोण मागे राहिले, याचा मात्र त्यात उल्लेख नाही. आमच्या मते आपल्या ज्ञातीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

आपल्या पूर्वजांचा जुना व्यवसाय बैलांवरून धान्य व मीठ वाहण्याचा. घाटावरचे धान्य कोकणात उतरवावे आणि कोकणचे मीठ घाटावर चढवावे, हा वर्षानुवर्षांचा क्रम. सडका बेताच्याच होत्या, घाटातून गाडी चालत नसे, तेव्हा पाठीवर गोणी घेतलेला बैल हेच देशावरील व्यापाराचे वाहन होते. लष्करासही त्यावाचून गत्यंतर नसे. १८०३ साली आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, त्या मोहिमेच्या पत्रव्यवहारात धान्य आणणाऱ्या तांड्यांची चिंता पुनःपुन्हा उमटलेली दिसते. हे साहेबलोक सर्वच बैलवाल्यांना 'ब्रिंजारी' या एकाच नावाने ओळखीत. त्यात वंजारी कोण आणि बंजारा कोण हा भेद त्यांनी केला नाही, आणि पुढच्या कित्येक लेखकांनी तो घोळ तसाच पुढे चालविला. या दोन्ही ज्ञाती शासनाच्या याद्यांतही स्वतंत्र आहेत. त्यांच्या नात्याचा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. दोघांचाही निवारा एकच होता, तो म्हणजे पाल.

मुक्कामाची जागा आली की बैलांवरील गोण्या उतरवून त्यांची थप्पी रचीत. त्या थप्पीवर कापड ताणले की पाल तयार. गोण्या हीच भिंत आणि गोण्यांतील माल हेच भांडवल. तांड्याबरोबर बायका असत, तान्ही मुले असत, आणि ज्यांना चालवत नसे असे म्हातारेही असत. पालातले जिणे सुखाचे होते असे आम्ही म्हणत नाही. पावसाचे चार महिने कोठे तरी गवताळ रानात पडून काढावे लागत, वाटेत रोगराई होती, चोराचिलटांचे भय होते. तथापि तांडा हलला की सारे कुटुंब हलत असे. कामाच्या मागोमाग घर जाई आणि घरातले कोणी मागे राहत नसे. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे कारण पडेल.

१८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी गेली, १८६० च्या सुमारास ती सोलापुरापर्यंत आली, बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये पार झाला आणि १८७१ पर्यंत रूळ रायचुरास भिडले. बैलांच्या तांड्याला जी वाट कापावयास कित्येक आठवडे लागत ती आगगाडी दोन दिवसांत कापू लागली. व्यवसाय एका दिवसात बुडाला नाही. रुळांपासून दूरच्या मुलखात बैल आणखी काही वर्षे चालले, आणि काही कुटुंबे तर त्यापूर्वीच शेतीकडे वळली होती. परंतु जे उशिरा वळले त्यांच्या वाट्यास चांगली जमीन आली नाही, हे उघड आहे. गोदावरीकाठची काळी जमीन पूर्वीच कसणाऱ्यांच्या ताब्यात होती. उरले ते बालाघाटाचे डोंगर, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या बाजूचे मुरमाड माळ. पर्जन्यछायेचा प्रदेश, मातीचा थर वीतभर, आणि पीक म्हणजे बाजरी, फार तर हलकी ज्वारी. या माळांवर आपल्या लोकांनी दगडमातीची घरे बांधली. पालातून उठून धाब्याच्या घरात आलेली ही पहिलीच पिढी असावी, आणि तिच्या डोक्यावरचे धाबे पुरते वाळते न वाळते तोच १८७६ साल उजाडले.

त्या वर्षी दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. सरकारने कामे काढली, आणि हिवाळ्यापर्यंत त्यांतली पुष्कळशी कामे लहान व गावाजवळची होती. रस्त्यावर माती टाकणे, तळ्यातील गाळ काढणे, अशा कामांवर माणसे सकाळी जात आणि दिवस मावळता घरी परत येत. मजुरी तुटपुंजी होती, पण चूल घरची होती. १८७७ च्या जानेवारीत हा क्रम बदलला. व्हाइसरॉयच्या सरकारने दुष्काळी खर्चास आळा घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांस पाठविले होते. मजुरी एक रत्तल धान्याच्या हिशेबाने बांधली गेली, आणि धडधाकट माणसांनी गावाजवळची कामे सोडून बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांवर जावे, तेथेच झोपड्यांतून राहावे, असा हुकूम झाला. यामागे एक तत्त्व होते. जो खरोखर उपाशी आहे तोच घर सोडून इतक्या दूर येईल, बाकीचे आपोआप गळतील. इंग्रजी अमलातील दुष्काळी व्यवस्थेत ही 'अंतराची कसोटी' पुढेही बरीच वर्षे चर्चेत राहिली.

भुकेल्या लोकांनी ही कसोटी मान्य केली नाही. १८७७ च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मुंबई इलाख्यातील सुमारे एक लाख माणसे काम टाकून निघून गेली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या पुढाकाराने सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त मिळवून सरकारपुढे मांडले. मजुरी घटली हे या संपाचे एक कारण, आणि इतिहासकार सहसा त्यावरच भर देतात. दुसरे कारण आम्हांस त्याहून कमी वजनाचे वाटत नाही. मोठ्या कामावर जावयाचे म्हणजे म्हाताऱ्यांना आणि गुरांना मागे टाकावयाचे, चूल सोडावयाची, अनोळखी रानात ओळीने उभारलेल्या झोपड्यांत शेकडो परक्या माणसांबरोबर बायकामुले घेऊन निजावयाचे. कुटुंबाची ताटातूट होईल ही धास्ती त्या काळच्या वृत्तान्तांतून स्पष्ट दिसते. ती धास्ती खोटी नव्हती. अशा दाट वस्त्यांत पटकीची साथ शिरली की एका घरातले किती परत येतील याचा भरवसा नसे. १९०० सालच्या दुष्काळात तर छावण्यांतून पसरलेल्या पटकीने मुंबई इलाख्यात हाहाकार उडविला. इतके लोक मजुरीवाचून राहू शकतात त्याअर्थी त्यांना मदतीची गरज नव्हती, असा निष्कर्ष काही अधिकाऱ्यांनी १८७७ च्या संपावरून काढला. त्याच दशकाच्या शिरगणतीचे आकडे त्यास उत्तर देतात. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये सात लाखांच्या वर होती. १८८१ मध्ये ती पाच लाख ब्याऐंशी हजारांवर आली.

त्या वर्षी दुष्काळी मजुरांनी ज्या कामांवर माती टाकली त्यांत धोंड-मनमाड या लोहमार्गाचा भरावही होता. १८७८ साली तो मार्ग सुरू झाला. अहमदनगर, बेलापूर, पुणतांबे या बाजूने तो जातो. बैलावरच्या वाहतुकीचे त्या जिल्ह्यात जे काही उरले असेल ते त्याने संपविले, आणि पुढे याच मार्गाच्या दुतर्फा कालव्याचे पाणी येऊन उसाचे मळे उभे राहिले. पाथर्डी तेव्हा शेवगाव तालुक्यात, म्हणजे याच जिल्ह्यात होती. त्या भरावावर आपली माणसे नव्हती असे मानणे आम्हांस कठीण जाते.

डोंगराच्या पलीकडचा बीडचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. दुष्काळात हद्दीच्या दोन्ही बाजूंनी माणसे इकडून तिकडे जात, कोणी खानदेश-वऱ्हाडाकडे, कोणी गंगथडीला. तिकडे ती कशात राहिली? शेताच्या बांधावर, देवळाच्या ओवरीत, बाभळीच्या फांद्या टाकून केलेल्या आडोशात. त्याची नोंद ठेवावी असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तो काळ आम्ही येथे ओलांडून पुढे जातो.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा डोंगराच्या दोन्ही उतारांवर प्रथमच एका सरकारचे राज्य होते. तो दुष्काळ आम्ही स्वतः पाहिला. आमचे वय तेव्हा आठ वर्षांचे असेल. गावापासून कोसभर अंतरावर पाझर तलावाचे काम निघाले होते. बाप खोदी, मातोश्री पाट्या वाही, आणि आम्ही थोरल्या बहिणीबरोबर झाडाखाली धाकट्याला सांभाळीत बसत असू. सुकडी मिळे, ती आम्हां मुलांना आवडे. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी मात्र कोणाच्याच घशाखाली उतरत नसे. आजी ती भिजवून, पुन्हा दळून, नाना खटपटी करी. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. १९७१ ची शिरगणती पाहता हे प्रमाण राज्यातल्या दर दहा माणसांमागे एक असे पडते. त्या वर्षी गुरे गेली, विहिरी आटल्या, हातांना खडीचे घट्टे पडले.

परंतु संध्याकाळी आम्ही घरी येत होतो. आमच्या आजोबांना दम्याचा विकार होता. ते दिवसभर ओट्यावर बसून असत, आणि आम्ही दुरून दिसलो की आजीस हाक मारून चुलीवर पाणी ठेवावयास सांगत. १८७७ च्या हुकमात आणि १९७२ च्या कामांत जो भेद होता तो आम्हां मुलांस या ओट्यावर कळला, असे आता वाटते. काम घराजवळ आणणे हे केवळ सोयीचे नाही, त्यात मनुष्याचा हक्क आहे, हा विचार त्या काळात मूळ धरू लागला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना निघाली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर काम राहत्या गावापासून पाच किलोमीटरांच्या आत द्यावे, त्यापलीकडे द्यावे लागल्यास मजुरी दहा टक्क्यांनी वाढवावी, असेच लिहिले गेले. ज्या अंतराची एके काळी कसोटी लावीत त्याच अंतराबद्दल आता भरपाई देण्याचे ठरले.

मग आपली माणसे फडावर का गेली? हा प्रश्न आमच्याच ज्ञातीतील शिकलेली मुले विचारतात, आणि विचारताना त्यांच्या स्वरात थोडी तक्रार असते. याचे उत्तर 'उचल' या एका शब्दात आहे. सरकारी कामाची मजुरी आठवड्याची, कधी महिन्याची, आणि तीही मस्टर, मोजणी, मंजुरी असे सोपस्कार होऊन हाती येणार. मुकादम दसऱ्यापूर्वीच दारात येऊन रोख रक्कम मोजतो. मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, बैलाची जोडी, पडलेल्या घराची भिंत, यांतले काहीही आठवड्याच्या मजुरीतून होत नाही. उचल घेतली की पुढील पाच-सहा महिने अंगावर फेडावयाची. हंगामाअखेर हिशेबात बाकी निघाली तर ती पुढल्या वर्षावर जाते. आमच्या घरी १९७३ च्या दिवाळीनंतर असेच झाले. दुष्काळात बैल गेले होते, नवी जोडी घ्यावयाची होती. वडिलांनी उचल घेतली आणि आम्ही नगर जिल्ह्यातील एका कारखान्याच्या गाडी सेंटरावर गेलो.

उसाचा हा मुलूख आपल्या माळापासून फार दूर नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले, खाजगी कारखाने निघाले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणी येथे सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्यानंतर सहकारी कारखान्यांची रांगच लागली. कालव्याच्या पाण्याने एका बाजूस ऊस पिकविला आणि पाण्यावाचून राहिलेल्या दुसऱ्या बाजूने तो तोडला. शंभर मैलांच्या आत हे दोन्ही घडले.

कोपीविषयी आता सविस्तर लिहितो, कारण ज्यांनी ती पाहिली नाही असे वाचक आता पुष्कळ झाले आहेत. सेंटरावर पोहोचल्यावर वासे व बांबूच्या चटया मिळत. वासे दोहोंकडून तिरके उभे करून माथ्यावर बांधावयाचे, आडवे बांबू लावावयाचे, चटई पसरावयाची आणि वरून उसाचे पाचट दाबावयाचे. नवराबायको दोघे झटली तर दिवस मावळण्याच्या आत कोपी उभी राही. लांबी सात-आठ हात, रुंदी चार-पाच हात, मध्यभागी तेवढे ताठ उभे राहता येई. दार इतके ठेंगणे की आत जाताना प्रत्येकास वाकावे लागे. आत एक पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते, दोन-तीन गोधड्या, कोंबड्यांची डालगी. चूल दारापुढे तीन दगडांची. बैल समोरच बांधलेले, त्यामुळे रात्री त्यांच्या गळ्यातील घुंगरांचा आवाज थांबत नसे. पाचट वाळलेले, चूल जवळ, वारा सुटला की मातोश्रींचा जीव टांगणीला लागे. एका कोपीस आग लागली तर ओळच्या ओळ पेटावयास वेळ लागत नाही.

मातोश्री पहाटे तीन वाजता उठून भाकरी थापी. चार-साडेचारला गाडी फडाकडे निघे. वडील कोयत्याने ऊस तोडीत, मातोश्री पाचट साळून मोळ्या बांधी आणि डोक्यावरून गाडीत भरी. उसाचे शेंड्याकडचे वाढे विकून चार पैसे सुटत, तेवढीच तिच्या हातात राहणारी कमाई. कारखान्यावर गाडी रिकामी होण्यास कधी मध्यरात्र होई. त्या कोपीत ती एकदा बाळंत झाली, आणि बाराव्या दिवशी फडात गेली. तरीही ती रोज सकाळी कोपीपुढे शेणाचा सडा टाकी. आम्ही एकदा शेजारच्या मुलांस सांगताना कोपीला 'आमचे घर' म्हणालो, तेव्हा तिने चटकन टोकले, "घर गावाकडं हाय. ही कोपी हाय." हा भेद तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

या कोपीत किती माणसे मावतात याचा विचार वाचकांनी करावा. नवरा, बायको, आणि ज्यांना सोडून येता येत नाही अशी लहान मुले. फडावर मजुरी मोजली जाते तीही याच मापाने. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि एकटे माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. म्हाताऱ्यांस या हिशेबात जागा नाही. १८७७ च्या झोपड्यांनी कुटुंब मोडेल म्हणून आपले पूर्वज काम टाकून परत गेले होते. कोपीने ते निराळ्या रीतीने, आणि आमच्या संमतीने मोडले. जोडपे तेवढे उचलले आणि बाकीचे घर गावी सोडले. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत बालाघाटातील वाड्यावस्त्यांत फक्त म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले दिसत. पालाच्या काळी तांड्याबरोबर चालणारी आजी आता गावच्या ओट्यावर सहा महिने एकटी राहू लागली.

आमचे आजोबा अशाच एका हंगामात, माघ महिन्यात वारले. निरोप तिसऱ्या दिवशी फडावर आला. मुकादमाने वडिलांना जावयास हरकत घेतली नाही, पण दोघे गेली तर खाडा दुप्पट पडेल आणि गाडी उभी राहील, असे सांगितले. वडील मालमोटारीवर बसून गेले. मातोश्री त्या दिवशीही फडात गेली. सासऱ्यांच्या दहाव्यास आपण नव्हतो ही गोष्ट तिने आम्हांस पुढे वीस वर्षांनी सांगितली, तीही दुसऱ्याच कशाच्या ओघात.

ज्ञातीत मुलींची लग्ने लवकर का होतात, यावर आपल्या मेळाव्यांतून ठराव पुष्कळ झाले. हुंडा, रूढी, अज्ञान अशी कारणे त्यांत सांगितली जातात. ती खोटी नाहीत. पण वयात आलेली मुलगी कोपीत ठेवता येत नाही, कारण तेथे दाराला कडी नाही. गावी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवता येत नाही, कारण आजीचेच तिला सांभाळावे लागते. आणि दुसऱ्या बाजूस, अर्ध्या कोयत्याचा मुलगा लग्न झाले की पूर्ण कोयता होतो आणि त्याची उचल वाढते. ही तीन कारणे जोवर कायम आहेत तोवर ठरावाचा कागद कितीसा उपयोगी पडणार? स्त्रियांच्या शरीरावर या हिशेबाचा जो भार पडला त्याचे एक माप २०१९ मध्ये पुढे आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ओझे वाहणे, पाण्याचा व आडोशाचा अभाव, आजारपणात पडणारा खाडा, आणि पैशासाठी शस्त्रक्रिया सुचविणारे वैद्य, अशी त्याची अनेक कारणे सांगितली गेली. हा आकडा आमच्या ज्येष्ठ ज्ञातिबांधवांना अप्रिय वाटेल. आम्हांसही तो लिहिताना बरे वाटलेले नाही.

एवढे लिहून झाल्यावर दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. आमच्या घरची बैलजोडी कोपीने आणली, विहीर कोपीने खोदली. थोरल्या बहिणीचे शिक्षण चौथीत थांबले, कारण धाकट्यांना सांभाळावयास कोपीत कोणी तरी हवे होते. आणि तिच्यामुळे आम्ही गावी आजीजवळ राहून शिकू शकलो. आज ज्ञातीत जे शिक्षक, वकील, पोलीस अधिकारी, डॉक्टर आहेत त्यांतील अनेकांच्या फीचे पैसे उचलीतून आले. त्यांपैकी काही जण सत्काराच्या वेळी भाषणात कोपीचा उल्लेख अभिमानाने करतात. तो अभिमान आम्ही समजू शकतो, पण बहिणीचे नाव त्या भाषणांत सहसा येत नाही हेही आम्ही पाहिले आहे.

अलीकडे पाचटाऐवजी ताडपत्री आणि प्लास्टिकचे कागद आले. पावसापासून थोडे संरक्षण झाले, पण दुपारी आत बसवत नाही. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, नंतर ती गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आली. ज्या गावी ती नीट चालली तेथे मुले टिकली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ निघाले. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. तोडणीची यंत्रेही शेतात उतरली आहेत, आणि आता फडावरची मंडळी यंत्राकडे त्याच नजरेने पाहतात ज्या नजरेने आपल्या पणजोबांनी आगगाडीकडे पाहिले असेल.

पालाविषयी आपल्याजवळ इंग्रज अधिकाऱ्यांचे कागद आहेत, १८७७ च्या झोपड्यांविषयी सार्वजनिक सभेचे वृत्तान्त आहेत. कोपीविषयी ज्ञातीच्या कार्यालयात आज एकही कागद नाही. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी मुकादमकीच्या जुन्या वह्या, उचलीचे करारनामे, तोडणीच्या चिठ्ठ्या, साखरशाळेचे दाखले किंवा छायाचित्रे असतील त्यांनी ती कार्यालयाकडे पोहोचवावीत. नक्कल करून मूळ कागद परत दिले जातील. ज्या माता-भगिनींनी फडावर हंगाम काढले आहेत त्यांच्या आठवणी उतरवून घेण्यासाठी चैत्रापासून आम्ही स्वतः गावोगाव येणार आहोत. अंगठा असेल तरी चालेल, सही हवी असे नाही. ज्यांना आपले नाव प्रसिद्ध व्हावयास नको असेल त्यांनी तसे सांगावे. मुलीची सोयरीक व्हावयाची आहे एवढे कारण पुरेसे मानले जाईल.